अजिंठ्याची नक्कल आणि आपली भिंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात स्टिल्टमधील भित्तिचित्राच्या अनावरणप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून देत आहे.)



मला दहा मिनिटे दिली आहेत. निवृत्त माणसाच्या हातात माईक दिला की काय होते, हे गेल्या पंचवीस गणेशोत्सवांत तुम्ही पाहिलेले आहे. तेव्हा पाच मिनिटे इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

माझ्या मागे, मीटररूमच्या शेजारच्या भिंतीवर जे चित्र आहे, ते अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे. लेण्यात शिरल्यावर मागच्या भिंतीवर, गर्भगृहाकडे जाताना डाव्या हाताला हे चित्र आहे. अंगाला हलका बाक देऊन उभा असलेला, डोक्यावर मुकुट, उजव्या हातात निळे कमळ आणि पापण्या खाली झुकलेल्या. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी ते काढले गेले. मी नोकरीत जळगावला होतो तेव्हा घरी कोणीही पाहुणा आला की त्याला अजिंठ्याला न्यायचे हे ठरलेलेच असे. त्यामुळे पद्मपाणीची आणि माझी ओळख जुनी आहे. पण खरं सांगतो, तो नीट पाहिला या मे महिन्यात, इथे खुर्ची टाकून बसलो तेव्हा.

हे सगळे सुरू कसे झाले ते बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या बी विंगमधील एक मुलगी कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. तिला सुट्टीसाठी प्रकल्प मिळाला होता, की एखाद्या प्रसिद्ध चित्राची मोठ्या आकारात प्रतिकृती करायची, आणि ती एकट्याने न करता गट जमवून करायची. तिने सोसायटीकडे भिंत मागितली. कमिटीने दिली, त्याबद्दल कमिटीचे अभिनंदन. मग तिने पोरं गोळा केली. सहावीपासून अकरावीपर्यंतची, बारा जण.

पद्धत साधी होती. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत चित्रकलेच्या तासाला ती केली असेल. चित्राचा बारा इंच रुंद आणि चौदा इंच उंच प्रिंटआउट काढला. त्यावर एकेक इंचाचे चौकोन आखले. भिंतीवर सहा फूट बाय सात फूट जागा मोजून तिथे सहा-सहा इंचांचे चौकोन आखले. कागदावरचे चौकोन एकशे अडुसष्ट, भिंतीवरचेही एकशे अडुसष्ट. बारा मुलांना एकेक उभी रांग वाटून दिली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चौदा चौकोन. ज्या चौकोनात जे दिसते तेवढेच भिंतीवरच्या त्याच चौकोनात उतरवायचे. त्यातही ताईचा हुकूम असा की काय काढतो आहोत याचा विचार करायचा नाही. डोळा काढतोय, बोट काढतोय, असं मनात आणायचं नाही. रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते तेवढंच बघायचं.

हे ऐकून मला आमचे एक जुने हेड कॅशियर आठवले. नवीन माणसाला सही पडताळायला शिकवताना ते म्हणत, "नाव वाचू नका, सही बघा." नाव वाचले की मन म्हणते, हां, हे अमुकच, आणि डोळा थांबतो. वाचले नाही तर कुठे हात उचलला, कुठे शाई दाटली, शेवटचा फराटा वर गेला की खाली, हे दिसायला लागते. नमुना सहीच्या कार्डाशी चेक ताडून बघण्यात माझी उमेदीची कितीतरी वर्षे गेली. या मुलांना ताईने एका सकाळी तेच शिकवले. मुलाला डोळा काढायला सांगितला तर तो बदामासारखा आकार काढून मधे गोल देतो. पद्मपाणीची पापणी चौकोनात बघितली तर तिथे डोळाच नसतो. असतात फक्त दोन वळणं आणि त्यांच्यामधली सावली.

चौथ्या दिवशी खरी गंमत झाली. सगळ्यांचे चौकोन भरत आले आणि शेजारच्या शेजारी रांगा जुळेनात. एकीने खांद्याची रेघ चौकोनाच्या मध्यावर आणून सोडली होती, आणि शेजारच्याने ती चार बोटं खालून उचलली होती. दोघेही म्हणत, माझं बरोबर आहे. बँकेत दिवसाअखेर टॅली लागली नाही की असंच व्हायचं. प्रत्येक जण आपलं काउंटर बरोबर म्हणायचा आणि फरक मात्र समोर दिसायचा. मग दोघांनी मूळ चित्रावर पट्टी ठेवून मोजले. दोघांचीही रेघ थोडी थोडी चुकलेली निघाली. दोन दिवस नुसते पुसणे आणि जुळवणे चालले होते. माझ्या मते या प्रकल्पात मुलं सगळ्यात जास्त शिकली ती त्या दोन दिवसांत.

आता एका मुद्द्यावर येतो. हे काम चालू असताना जाता-येता काही मंडळींनी शेरे मारले. वाईट हेतूने नव्हे, सहज. "शेवटी कॉपीच ना?" "स्वतःचं काहीतरी काढायला सांगायचं मुलांना." मुलांनी ते ऐकले आणि एक-दोघं हिरमुसली. म्हणून त्याचे उत्तर आज जाहीरपणे द्यावे असे वाटते.

आपल्या भाषेत नक्कल या शब्दाला दोन अर्थ आहेत. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून केली ती नक्कल, आणि तहसील कचेरीत अर्ज करून, फी भरून सातबाऱ्याची मिळवतो तीही नक्कलच. पहिलीची लाज वाटते. दुसरीसाठी आपण रांगेत उभे राहतो आणि मिळाली की जपून ठेवतो, कारण मूळ कागदाला काही झाले तर तीच उपयोगी पडते. अजिंठ्याची नक्कल ही या दुसऱ्या जातीची आहे, आणि तिचा इतिहास आपल्या मुंबईशी फार जवळून बांधलेला आहे.

1819 साली मद्रास फौजेतला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला आणि ही लेणी पुन्हा जगापुढे आली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे भिंती खराब करण्याची सुरुवात पहिल्याच भेटीत झाली, असे म्हणायला हरकत नाही. 1844 मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमले. गिल आणि पारोची गोष्ट आपल्याकडे ना. धों. महानोरांच्या काव्यामुळे आणि पुढे सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रेमकथेच्या भरात त्याचे काम मात्र मागे पडते. वर्षानुवर्षे खपून त्याने मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि थोड्याच वाचल्या. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

एवढे मोठे नुकसान झाल्यावर कोणीही म्हटले असते, राहू द्या आता. पण 1872 मध्ये हे काम नव्याने सुरू झाले, आणि या वेळी ते केले विद्यार्थ्यांनी. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झाले, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. 1872 ते 1885 या काळात त्यांनी सुमारे तीनशे प्रती केल्या. बालमित्रांनो, तुमचा प्रकल्प तीन आठवडे चालला. तो तेरा वर्षांच्या मुदतीत झाला होता!

जरा डोळ्यांपुढे आणा. विजेचे दिवे नाहीत. दाराजवळ उजेड आणि आत अंधार. भिंतीवर गिलाव्याचे पोपडे सुटलेले आणि वटवाघळांची वस्ती. त्या अंधारात पेस्तनजी बोमनजींसारखी विशी-पंचविशीतली मुंबईची मुले एकेक बोट, एकेक दागिना न्याहाळून कॅन्व्हासवर उतरवत होती. हेच पेस्तनजी पुढे नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले.

त्या प्रती लंडनला पाठवल्या गेल्या. 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या इमारतीत आग लागली आणि त्यातल्याही पुष्कळ जळाल्या. ज्या उरल्या त्या आज तिथेच आहेत. त्या संग्रहालयाचे आताचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये दोन मोठ्या खंडांत ही चित्रे छापून प्रसिद्ध केली. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मूळ भिंतीवरचा गिलावा काही ठिकाणी पडला, रंग उडाले. तिथे काय होते हे शोधायचे तर अभ्यासकांना या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रती उघडून बघाव्या लागतात. म्हणजे झाली ना सातबाऱ्याची नक्कल?

यानंतर 1909 ते 1911 या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकर्तीने पुन्हा प्रती करवून घेतल्या. तिच्याबरोबर कलकत्त्याहून आलेल्या तरुण मंडळींत नंदलाल बोस होते. वय सत्तावीस. याच नंदलालबाबूंनी पुढे शांतिनिकेतनातल्या आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून भारतीय संविधानाची हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवली. "कॉपी करून मुलं स्वतःचं काढायला विसरतील" अशी ज्यांना काळजी आहे, त्यांनी नंदलालबाबूंकडे बघावे. गायनाच्या क्लासला आपली नात जाते तेव्हा गुरुजींनी म्हटलेले सूर जसेच्या तसे म्हणायला लावतात. तेव्हा आपण म्हणत नाही की हिला स्वतःचा राग रचू द्या! चित्राच्या बाबतीतच आपल्याला ही घाई का होते, कळत नाही.

मुलांना आणखी एक अडचण आली होती. मूळ चित्रात कित्येक ठिकाणी गिलावा पडून गेलेला आहे. तिथे काय करायचे? निम्मी मुले म्हणाली, आपण पूर्ण करू, छान दिसेल. निम्मी म्हणाली, जे नाही ते आपल्या मनाने कसे घालायचे? बराच वाद झाला. जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रतींमध्ये पडलेला भाग पडलेलाच दाखवला आहे, हे ताईने पुस्तकातली चित्रे दाखवून सांगितले. शेवटी मुलांनीही तेच ठरवले. म्हणून तुम्हाला भिंतीवर जे मातकट डाग दिसतात, ते रंग कमी पडल्यामुळे नाहीत. ते मुद्दाम, मोजून काढलेले आहेत. जे दिसत नाही ते आपल्या पदरचे लिहायचे नाही, हा नियम आम्ही ऑडिटच्या भीतीने पाळायचो. मुलांनी तो आपण होऊन पाळला.

आता शेवटाकडे येतो. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत या भिंतीसंबंधी विषय येणार आहेत. मी कमिटीवर नाही, पण सभासद आहे. मुलांना सभेत मत नाही, म्हणून त्यांच्या वतीने तीन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट वॉर्निशची. चित्र टिकावे म्हणून त्यावर चकचकीत वॉर्निशचा हात मारावा, अशी सूचना एका सभासदांनी चांगल्या मनाने केली आहे, आणि खर्चही देऊ केला आहे. त्यांचे आभार मानून मी एवढेच सांगतो की अजिंठ्यालाही हेच झाले होते. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात मूळ चित्रांवर वॉर्निश लावले गेले. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला ही मोठी कामगिरी, पण लाखेचा थर त्यांनीही दिला. हे थर काळाने पिवळे-तपकिरी पडले आणि चित्रे झाकोळली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थर उतरवण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे करावे लागले. आपल्या भिंतीला तर ओल आहे, पावसाळ्यात मीटररूमच्या बाजूला हात लावून बघा. वरून थर बंद केला तर आतले पाणी रंगाला घेऊनच बाहेर येईल. तेव्हा देऊ केलेले पैसे आधी वरच्या पाइपची गळती काढायला वापरावेत, अशी विनंती.

दुसरी गोष्ट रंगकामाची. पुढच्या वर्षी इमारतीचे वॉटरप्रूफिंग आणि रंग निघणार आहे. त्यात स्टिल्टही आहे. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस रोलर घेऊन आला की तो पद्मपाणी ओळखणार नाही, त्याला चौरस फूट तेवढे कळतात. तेव्हा ही सहा बाय सात फुटांची जागा वगळल्याचे टेंडरमध्येच लेखी असावे. तोंडी सांगितलेले टिकत नाही, हे पंचवीस वर्षांत आपण शिकलो आहोत. आणि समजा भिंतीचा गिलावाच काढायची वेळ आली, तर नाइलाज आहे. पण त्याआधी फोटो काढून, चौकोनांचा मूळ कागद, रंगांची यादी आणि मापे एका फाइलमध्ये घालून सोसायटीच्या कपाटात ठेवावीत. कन्व्हेयन्सची फाइल ठेवतो तशीच. त्या वेळी जी मुले असतील ती पुन्हा बारा रांगा वाटून घेतील. गिलच्या प्रती जळाल्यावर सहा वर्षांत जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी काम पुन्हा हाती घेतले होते. आपल्याला एवढे अवघड जाऊ नये.

तिसरी गोष्ट नावांची, आणि माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची. अजिंठ्याची चित्रे ज्यांनी काढली त्या चित्रकारांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी सह्या केल्या नाहीत. ज्या विद्यार्थ्यांनी प्रती केल्या त्यांची नावे थोड्या अभ्यासकांना ठाऊक, आणि पुस्तकावर मोठ्या अक्षरांत नाव ग्रिफिथ्स यांचे. आपण आपल्या भिंतीवर पाटी लावणार आहोत. तिचा मसुदा गेल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर लागला होता. "सोसायटीचे बालकलाकार", खाली नाव आणि फ्लॅट नंबर. मी सवयीने मोजले. अकरा नावे आहेत.

रांगा बारा होत्या. बारा रांगा आणि अकरा नावे ही टॅली लागत नाही.

डावीकडून सहावी रांग आपल्या वॉचमनच्या मुलीने केली आहे. ती महापालिकेच्या शाळेत आठवीत शिकते. पद्मपाणीच्या चेहऱ्याचा मोठा भाग आणि ती खाली झुकलेली पापणी त्या रांगेत येते. ती पापणी तिने तीनदा पुसून चौथ्यांदा काढली, मी इथेच बसलो होतो. मसुदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून नाव गाळले असे मी म्हणत नाही. पाटीच्या कोष्टकात फ्लॅट नंबरचा रकाना होता, तिच्याकडे फ्लॅट नंबर नाही, आणि रकाना भरला नाही म्हणून ओळच राहिली. फॉर्मचा रकाना माणसाला कसा अडवतो, हे काउंटरच्या आत बसून मी खूप पाहिले आहे. त्यावर उपायही सोपा असतो. रकाना काढून टाकायचा. पाटीवर फक्त बारा नावे लिहावीत, रांगेच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. फ्लॅट नंबर कोणाचाच नको. शेवटी ताईचे नाव. बक्षिसाच्या नियमात "सभासदांची मुले" असा शब्द आहे, तो बदलायला ठराव लागत असेल तर तो मी मांडतो. अनुमोदन कोण देणार ते तुम्ही ठरवा. हात वर झालेले मला दिसत आहेत, पण आज ही सभा नाही, तेव्हा हे हात पुढच्या महिन्यापर्यंत असेच लक्षात ठेवा.

बालमित्रांनो, पुढे कधी अजिंठ्याला जाल तेव्हा फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका, आणि आपल्या रांगेतले चौदा चौकोन शोधा. तुमच्याबरोबरचे लोक एका मिनिटात "बघितलं" म्हणून पुढे निघतील. तुम्हाला मात्र तिथून हलवावं लागेल, कारण त्या भिंतीचा एवढा तुकडा तुमच्या ओळखीचा आहे. गाइड घाई करायला लागला तर त्याला सांगा, आमच्या आजोबांनी वेळ घ्यायला सांगितलं आहे.

दहाची सतरा मिनिटे झाली. सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवत आहेत आणि वडापावचा वासही येतो आहे. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा देतो आणि थांबतो.